‘मा’ म्हणजे नक्की काय?

गीतेतल्या एका ओळीने अनेकांचा पहिल्यांदा थोडा गोंधळ होतो. ‘मा फलेषु कदाचन’. इथे ‘मा’ म्हणजे आई नाही, माझा नाही, मातीशीही त्याचा संबंध नाही. ‘मा’ म्हणजे ‘नको’. अठराव्या अध्यायात कृष्ण ‘मा शुचः’ म्हणतो, म्हणजे शोक करू नकोस. संस्कृतात एखाद्याला अडवायचं, सावध करायचं, धीर द्यायचा तर हा एवढासा शब्द पुरतो. ‘मा भैषीः’, भिऊ नकोस.

परंपरेने ज्याला पहिला श्लोक मानलं जातं त्याची सुरुवातही याच अक्षराने होते. क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतला एक व्याधाने मारला आणि वाल्मीकींच्या तोंडून शब्द बाहेर पडले:

‘मा निषाद प्रतिष्ठां त्वमगमः शाश्वतीः समाः।’

निषादा, अनंत वर्षं तुला प्रतिष्ठा न लाभो. अर्थ सरळ आहे, पण व्याकरण अडतं. संस्कृतात ‘गमः’च्या आधीचा ‘अ’ ही भूतकाळाची खूण आहे. निषेधाचा ‘मा’ आला की ही खूण गळते, आणि तसं सांगणारं पाणिनीचं सूत्रच आहे: ‘न माङ्योगे’. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हाच धातू येतो तेव्हा तो नियम पाळतो, ‘क्लैब्यं मा स्म गमः पार्थ’. तिथे ‘गमः’ आहे, ‘अगमः’ नाही. मग आदिकवीच्या ओळीत ‘अगमः’ कसं?

महाकाव्यांच्या भाषेत असे नियम अधूनमधून मोडलेले दिसतात, हे त्याचं साधं उत्तर. जुने टीकाकार मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पदच्छेदच बदलला. कोशांमध्ये ‘मा’ म्हणजे लक्ष्मी असाही अर्थ आहे, आणि माधव या नावाचा ‘मा’चा धव, म्हणजे लक्ष्मीचा पती, असा विग्रह त्यावरूनच करतात. तेव्हा ‘मानिषाद’ हा एकच शब्द घ्या: लक्ष्मी जिथे वास करते तो, म्हणजे विष्णू, म्हणजे राम. आता ‘अगमः’ खराखुरा भूतकाळ झाला. हे लक्ष्मीनिवासा, तू शाश्वत प्रतिष्ठा मिळवलीस. शापाचा आशीर्वाद झाला, आणि मधली एक फट बुजवण्याखेरीज अक्षरालाही हात लावावा लागला नाही. वाल्मीकींच्या मनात हा दुसरा अर्थ असेल असं मला वाटत नाही. तरी एका अक्षरात किती दारं असू शकतात हे समजायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हा निषेधाचा ‘मा’ फार जुना आहे. प्राचीन ग्रीकमध्ये ‘नको’ सांगायला ‘मे’ होता, आजच्या ग्रीकमध्ये त्याचा उच्चार ‘मी’ होतो. आर्मेनियनमध्ये ‘मि’ आहे. प्राचीन पर्शियनमध्ये थेट ‘मा’, आणि पुढच्या फारसी काव्यात तोच क्रियापदाला चिकटून आला: ‘मपुर्स’, विचारू नकोस. ही सगळी एका घराण्यातली भावंडं आहेत. आपल्या शेजारीही तो जिवंत आहे. गुजरातीत ‘रड मा’ म्हणजे रडू नकोस, आणि सिंधीत क्रियापदाआधी नुसता ‘म’ लावून नकार देतात. मराठीने हा शब्द सोडून ‘नको’ आणि ‘नये’ यांच्यावर भागवलं.

इथवर वाचून वाटेल की ‘म’ आणि नकार यांचं काही आतलं नातं असावं. तुर्की भाषा तर त्याला पुरावाच देते असं दिसेल. तुर्कीत ‘याप’ म्हणजे कर, आणि ‘याप्मा’ म्हणजे करू नकोस. अरबीतही ‘मा’ म्हणजे नाही. संस्कृत, तुर्की, अरबी, तिन्हीकडे तोच आवाज आणि तोच अर्थ.

पण या तिघांमध्ये नातं नाही. तुर्की वेगळ्या कुळातली भाषा, अरबी तिसऱ्याच. तुर्कीतला ‘मा’ मुळात सुटा शब्दही नाही, तो क्रियापदाच्या शेवटी लागणारा प्रत्यय आहे आणि मागच्या स्वराप्रमाणे ‘मा’ किंवा ‘मे’ होतो. ये म्हणजे ‘गेल’, येऊ नकोस म्हणजे ‘गेल्मे’. शिवाय तुर्कीत आणखी एक, वेगळाच ‘मा’ आहे, तो क्रियापदाचं नाम करतो. म्हणून ‘याप्मा’ म्हणताना जोर ‘याप’वर दिला तर ‘करू नकोस’, आणि ‘मा’वर दिला तर ‘करणं’. नकार आणि कृती यांच्यामध्ये फक्त आवाजाच्या जोराचा फरक.

आता अरबीचं पाहू. तिथला ‘मा’ नकारार्थी आहे, पण तोच ‘काय’ आणि ‘जे’ या अर्थांनीही येतो. हिब्रूतला ‘मा’ म्हणजेही ‘काय?’, आणि अरबीशी त्याचं नातं खरं आहे, कारण दोन्ही सेमिटिक भाषा. ‘माशाअल्ला’ हा उद्गार आपण ऐकतो, त्यातला ‘मा’ म्हणजे ‘जे’: जे अल्लाने इच्छिलं ते. आणि एक शब्द तर आपण घरचाच समजून वापरतो, ‘हा काय माजरा आहे?’ अरबीत ‘मा जरा’ म्हणजे ‘जे घडलं ते’. फारसीच्या वाटेने तो आला आणि त्याचं एक नाम झालं. म्हणजे मराठी माणूस ‘काय माजरा आहे’ म्हणतो तेव्हा ‘काय’ आणि ‘जे’ या दोघांना एका वाक्यात बसवतो. अरबीत ‘मा’च्या शेवटी गळ्यात किंचित अडखळलं की त्याचा अर्थ होतो पाणी. ऐकणाऱ्या परक्या कानाला तो अडखळा जाणवतही नाही.

मग इतक्या भाषांमध्ये एकच आवाज येतो तरी कसा? हिशेब करून पाहा. समजा एखाद्या भाषेत वीस व्यंजनं आणि पाच स्वर आहेत. एक व्यंजन आणि एक स्वर असे छोटे शब्द करायचे तर जास्तीत जास्त शंभर होतील. जगात आज सुमारे 7,000 भाषा बोलल्या जातात. प्रत्येक भाषेला ‘नाही’, ‘पण’, ‘काय’, ‘मी’, ‘ये’ अशा रोजच्या कामाच्या शब्दांसाठी छोटे आवाज हवे असतात. त्यात ‘म’ जवळपास सगळ्या भाषांत आहे आणि ‘आ’ तर त्याहून सर्रास. एवढ्या गर्दीत टक्कर झाली नसती तरच नवल. म्हणून शब्द जितका लहान, तितकं त्याच्या साम्यावर विश्वास ठेवणं धोक्याचं. दोन भाषांतले पाच-सहा अक्षरी शब्द आवाजात आणि अर्थात जुळले तर काहीतरी घडलं असणार असं म्हणता येतं. एका अक्षरावरून काहीच म्हणता येत नाही.

आईचा ‘मा’ मात्र या योगायोगात बसत नाही. तिथे वेगळं काही घडतं.

मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून आई आणि वडील यांच्यासाठीचे 1,072 शब्द गोळा केले होते. ते पाहून भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी 1960 मध्ये एक लेख छापला. आईसाठीच्या शब्दांपैकी 55 टक्के शब्दांत ‘म’, ‘न’ किंवा ‘ङ’ सारखे नाकातले आवाज होते. वडिलांसाठीच्या शब्दांत हे प्रमाण अवघं 15 टक्के. एवढा फरक योगायोगाने पडत नाही.

याकोब्सन यांचं स्पष्टीकरण बाळाच्या ओठांपासून सुरू होतं. बाळ दूध पीत असतं तेव्हा त्याचं तोंड बंद असतं, आवाज निघालाच तर नाकातून, आणि तो ‘म्म्म’ असाच येणार. पुढे भूक लागली, दूध दिसलं, की बाळ तोच आवाज काढतं. तोंड उघडलं की त्याला ‘आ’ जोडला जातो. ओठ पूर्ण मिटलेले आणि मग तोंड पूर्ण उघडलेलं, यापेक्षा सोपी हालचाल बाळाजवळ नाही. हा आवाज ऐकून धावत येणारी व्यक्ती बहुतेकदा आई असते. ती समजते, मला हाक मारली. शब्द बाळाने घडवला नाही, ऐकणाऱ्याने त्याला अर्थ दिला, आणि जगाच्या कानाकोपऱ्यात पुन्हा पुन्हा दिला. चिनी आई ‘मा’ आहे आणि आपली माय आहे, ती यामुळे. कुणी कुणाकडून घेतलं नाही.

अर्थ ऐकणारा देतो, म्हणून तो कधी वेगळाही दिला जातो. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील, आई म्हणजे ‘देदा’. ऑस्ट्रेलियातल्या पित्यांत्यात्यारा भाषेतही ‘मामा’ म्हणजे वडीलच. आणि आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ.

चिनी भाषेचा विषय निघाला आहे तर तिथे जरा थांबू, कारण ‘मा’ला इतकं काम दुसऱ्या फार थोड्या भाषांनी लावलं असेल. प्रमाण चिनीत ‘मा’ उंच आणि सपाट आवाजात म्हटला तर आई. प्रश्न विचारताना चढतो तसा आवाज चढवला तर ताग-अंबाडीसारखी धाग्याची वनस्पती, आणि बधिर होणं. आवाज खाली नेऊन पुन्हा वर आणला तर घोडा. ताडकन खाली पाडला तर रागावणं, शिव्या देणं. आणि काहीच सूर न देता वाक्याच्या शेवटी टाकला तर आपला ‘का?’. ‘मामा मा मा मा?’ हे पूर्ण वाक्य आहे: आई घोड्याला रागावते का?

लिहिताना चिनी लोकांनी यावर छान तोड काढली. घोड्याचं चित्र घेतलं आणि ते केवळ आवाजाची खूण म्हणून वापरलं. शेजारी ‘स्त्री’ची खूण काढली की आई. तोंडाची खूण काढली की प्रश्नाचा ‘का’. वर दोन तोंडं काढली की रागावणं. आईच्या अक्षरात घोडा दिसतो त्याचा घोड्याशी काहीही संबंध नाही. तो एवढंच सांगतो की हे ‘मा’सारखं वाचा.

हे सूर आले कुठून? आंद्रे-जॉर्ज ऑद्रिकूर या फ्रेंच अभ्यासकाने 1954 मध्ये व्हिएतनामी भाषेबद्दल दाखवून दिलं की सूर हे हरवलेल्या व्यंजनांचे ठसे आहेत. शब्दाच्या शेवटी कधीकाळी एखादं व्यंजन होतं, त्याच्यामुळे आवाज थोडा वर किंवा खाली जायचा. पुढे व्यंजन झिजून गेलं आणि आवाजाचा चढ-उतार तेवढा मागे राहिला. चिनीतही असंच झालं असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आज सारखे भासणारे हे ‘मा’ एकेकाळी सारखे नव्हतेच. व्हिएतनामीत तर सहा सुरांचे सहा ‘मा’ आहेत: भूत, आई किंवा गाल, पण, थडगं, घोडा, आणि भाताचं रोप. यातला घोडा चिनीतून आलेला.

थाई भाषेत या झिजण्याचा पुरावा डोळ्यांना दिसतो. तिथे ‘मा’ म्हणजे येणं, दुसऱ्या सुरात घोडा, तिसऱ्या सुरात कुत्रा. कुत्रा लिहिताना ‘म’च्या आधी ‘ह’ लिहितात, पण तो उच्चारत नाहीत. तो ‘ह’ एकेकाळी उच्चारला जात होता, त्यानेच आवाजाला आजचं वळण दिलं. तोंडाने तो सोडला, पण लेखणीने जपून ठेवला.

द्रविड भाषांत वेगळीच श्रीमंती आहे. तमिळ व्याकरणात एकाच अक्षराच्या पूर्ण शब्दांचा स्वतंत्र विचार केलेला आहे, आणि ‘नन्नूल’ या ग्रंथाने असे 42 शब्द मोजले आहेत. त्यांत ‘मा’ आहे. त्याचे अर्थ: आंबा, प्राणी, मोठा, पीठ, लक्ष्मी, आणि जुन्या हिशेबातला एक-विसांश भाग. यातला आंब्याचा ‘मा’ जगभर फिरला. ‘काय’ म्हणजे कच्चं फळ, त्यावरून तमिळ ‘मांकाय’, मलयाळम ‘मांङा’, तिथून पोर्तुगीजांनी ‘मांगा’ उचललं आणि इंग्रजीत ‘मँगो’ झालं. आपला ‘आंबा’ संस्कृत ‘आम्र’वरून आलेला. एकाच फळाची दोन नावं, दोन वेगळ्या कुळांतली, आणि आपण दोन्ही वापरतो.

इटालियनमधला ‘मा’ मला विशेष आवडतो. त्याचा अर्थ ‘पण’, आणि तो लॅटिन ‘मागिस’ची झीज होऊन झाला. ‘मागिस’चा अर्थ मात्र ‘अधिक’. ‘हे नव्हे, त्याहून ते अधिक’ असं म्हणता म्हणता ‘अधिक’चा ‘पण’ झाला. फ्रेंच ‘मे’, स्पॅनिश ‘मास’ हेही त्याच शब्दाचे. हा प्रवास विचित्र वाटत असेल तर आपला ‘पण’ पाहा. तो संस्कृत ‘पुनः’वरून आला, म्हणजे ‘पुन्हा’. ‘पुन्हा असंही आहे की…’ म्हणता म्हणता विरोध आला. फ्रेंचमध्येही एक ‘मा’ आहे, पण तो ‘माझी’ या अर्थाचा, त्याचा या ‘मागिस’शी संबंध नाही.

फिनिशमध्ये लांबवलेला ‘मा’ म्हणजे जमीन. त्याला हवेचा शब्द जोडून ‘माइल्मा’, म्हणजे जग. एस्टोनियनमध्ये आखूड ‘मा’ म्हणजे मी, आणि लांब ‘मा’ पुन्हा जमीन. हंगेरियनमध्ये ‘मा’ म्हणजे आज. जपानीत ‘मा’ म्हणजे दोन गोष्टींमधली मोकळी जागा, दोन स्वरांमधला, दोन शब्दांमधला अवकाश. ते लिहितात ते अक्षर दरवाजा आणि सूर्य यांचं आहे, जुन्या रूपात सूर्याऐवजी चंद्र होता, दाराच्या फटीतून दिसणारा. ज्याचं हे ‘मा’ सुटलं, म्हणजे कुठे थांबायचं ते ज्याला कळत नाही, त्याला जपानीत ‘मानुके’ म्हणतात, म्हणजे मूर्ख.

आता पुन्हा संस्कृतकडे, कारण एक गाठ राहिली आहे. संस्कृतात ‘मा’ म्हणजे नको, ‘मातृ’ म्हणजे आई, आणि ‘मा’ हा मोजण्याचा धातूही आहे. मात्रा, प्रमाण, माप, निर्माण हे त्याचेच. ‘माता’ ही ‘मा’ धातूवरून आली, ती निर्माण करते म्हणून माता, असं आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगितलं जातं. सुंदर कल्पना आहे. पण लॅटिन आणि ग्रीक तिच्या आड येतात.

संस्कृतच्या आणि युरोपच्या भाषांच्या समान पूर्वजात ‘ए’, ‘आ’, ‘ओ’ असे वेगळे स्वर होते. संस्कृतकडे येताना ते तिन्ही ‘आ’मध्ये मिसळले. लॅटिनने ते वेगळे ठेवले, म्हणून तिथे आई ‘मातेर’ आहे आणि मोजणं ‘मेतिरी’. ग्रीकच्या डोरिक बोलीत आई ‘मातेर’ आहे आणि ‘नको’ मात्र ‘मे’. पूर्वज भाषेत आईचा स्वर वेगळा होता, मोजण्याचा आणि नकाराचा वेगळा. आपल्या कानांना ते एक वाटतात, कारण संस्कृतने त्यांच्या अंगावरची खूण पुसली. नात्याची पारख अशी होते. दोन शब्द सारखे दिसतात का, एवढं पाहून भागत नाही. त्यांच्यातला फरक शब्दामागून शब्दात ठराविक रीतीने येतो का, ते तपासावं लागतं.

त्या रीतीने गेलं की अजिबात सारखे न दिसणारे शब्द सख्खे निघतात. ‘माहेर’ म्हणजे मातृगृह, आईचं घर. ‘मावशी’ म्हणजे मातृष्वसा, आईची बहीण. ग्रीकमध्ये ‘मेतेर’ म्हणजे आई आणि ‘पोलिस’ म्हणजे नगर, त्यावरून ‘मेत्रोपोलिस’, मातृनगर. पुढे मोठ्या शहराला मेट्रोपोलिस म्हणू लागले, लंडनमध्ये 1863 मध्ये भुयारातून धावू लागलेल्या रेल्वेचं नाव मेट्रोपॉलिटन रेल्वे पडलं, पॅरिसच्या ‘मेत्रोपोलितँ’चं ‘मेत्रो’ झालं आणि ते जगभर गेलं. माहेरातला ‘मा’ आणि मेट्रोतला ‘मेट्र’ एकाच आईचे.

मोजण्याच्या ‘मा’नेही असंच केलं. लॅटिन ‘मेन्सुरा’वरून इंग्रजीतलं ‘मेजरमेंट’ आलं. आपला ‘मास’ आणि इंग्रजीतले ‘मून’, ‘मंथ’ हे एका मुळाचे, आणि ते मूळही मोजण्याशी जोडलं जातं, कारण माणसाने काळ मोजला तो चंद्रावर. मराठीत या धातूचा सर्वांत घरगुती वंशज ‘मावणे’. एवढ्या जागेत मावेल का, डब्यात मावेल का. संस्कृतात ‘मा’चा ‘सामावणे’ हाही अर्थ होताच. माघ कवीच्या ‘शिशुपालवधा’त नारद कृष्णाकडे येतात. तिथे माघ म्हणतो: प्रलयाच्या वेळी ज्या शरीरात सगळी जगं ऐसपैस राहिली, त्याच शरीरात नारद आल्याचा आनंद काही मावला नाही. ‘तनौ ममुस्तत्र न’. त्या ‘ममुः’मध्ये हाच धातू आहे. आजही कुणाला फार आनंद झाला की आपण म्हणतो, आनंद गगनात मावेना.